अक्रोडाचा पाऊण मिलिमीटर : एका डेको कपाटाच्या दुरुस्तीच्या नोंदी

४ जानेवारी, शनिवार

कपाट आज आलं. दोन दारांचं, माणसाच्या डोक्याहून वीतभर उंच, पुढच्या दोन्ही कडा गोल वळवलेल्या. दारांवर अक्रोडाचं व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे आणि त्यातले ढगांसारखे पट्टे मधल्या फटीपाशी असे जुळतात की डावं दार उजव्याचं प्रतिबिंब वाटतं. विकणाऱ्याने सांगितलं, "आर्ट डेको, १९२५, थेट पॅरिसचं." आर्ट डेको म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली सजावटीची शैली. खरं किती ते उद्या बघू.

पहिली चूक आजच झाली. दारं न उतरवता कपाट उचललं. जिन्याच्या वळणावर तिरकं केलं तेव्हा उजव्या दाराचा सगळा भार वरच्या बिजागरीवर आला आणि तिचे स्क्रू लाकडाचा भुगा घेऊनच बाहेर पडले. दारं उतरवायला दहा मिनिटं पुरली असती. जुनं कपाट हलवणार असाल तर आधी दारं आणि खण काढा. मगच हात लावा.

बाकीची अवस्था अशी: डाव्या दारावर खाली तळहाताएवढे दोन फुगवटे, बैठकीच्या (तळाच्या) पट्टीचा एक कोपरा उडालेला, वरच्या फळीवर पांढरे गोल डाग, मागच्या प्लायला भोकं, एक मूठ तडकलेली. माझा अंदाज: चार शनिवार-रविवार.

५ जानेवारी

आज एकही हत्यार उचललं नाही. टॉर्च, कॅलिपर आणि वही, एवढंच. पाच तास गेले आणि ते सत्कारणी लागले असं मला वाटतं, कारण कपाट कधीचं आणि कसं बनवलेलं आहे हे कळल्याशिवाय त्यावर काय चालेल आणि काय नाही हे कळत नाही.

उडालेल्या कोपऱ्यात व्हिनिअरची जाडी मोजली: ०.७ मिलिमीटर. म्हणजे ते यंत्राच्या पात्याने सोललेलं आहे. करवतीने कापलेलं जुनं व्हिनिअर याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतं. पाठ प्लायवूडची. खणांचे डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे) सांधे सगळे एका मापाचे, म्हणजे यंत्रावरचे. कुलपाच्या पट्टीवर 'मेड इन इंग्लंड' असा ठसा. स्क्रू सगळे एका सरळ खाचेचे, फक्त डाव्या खालच्या बिजागरीत दोन अधिक चिन्हाच्या (+) खाचेचे. हेन्री फिलिप्स यांना त्या खाचेच्या स्क्रूचं पेटंट १९३६ साली मिळालं. तेव्हा ती बिजागरी नंतर कोणीतरी बदललेली असणार.

पॅरिसचा दावा इथेच संपला. पण १९२५ हे साल लोकांच्या तोंडी का बसलंय ते समजण्यासारखं आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये आधुनिक सजावटी आणि औद्योगिक कलांचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. अट अशी होती की जुन्या शैलीची नक्कल चालणार नाही, जे मांडाल ते नवं हवं. या शैलीचं आजचं नाव त्या प्रदर्शनाच्या नावावरूनच घेतलंय, पण ते रुळलं १९६०च्या दशकात. १९६८ साली इंग्लिश लेखक बेव्हिस हिलियर यांचं पुस्तक आलं आणि 'आर्ट डेको' हा शब्द सगळीकडे पोचला. ज्या माणसाने हे कपाट नवं कोरं विकत घेतलं त्याने तो शब्द बहुधा ऐकलाच नसेल. त्याच्या लेखी ते 'मॉडर्न' कपाट होतं.

दुसऱ्या टोकाची, म्हणजे कपाट त्यानंतरचं नसणार अशी तारीखही मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकडाची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनमध्ये सरकारने 'युटिलिटी' फर्निचरची योजना आणली. १९४३ पासून नवं फर्निचर ठरवून दिलेल्या साध्या नमुन्यांचंच मिळायचं आणि त्यावर 'सीसी४१' हा शिक्का असायचा. माझ्या कपाटावर तो शिक्का कुठेही नाही, आणि अक्रोडाची अशी उधळण त्या नियमांत बसलीही नसती. तेव्हा हे १९३०च्या दशकातलं, कारखान्यात बनलेलं इंग्लिश कपाट. बहुधा संचातलं: मोठं कपाट, छोटं कपाट, आरशाचं टेबल, पलंग. असे संच तेव्हा हप्त्यांवर विकले जात.

खालचा खण उलटा केला तर तळाशी पेन्सिलीने २३ लिहिलेलं. बैठकीच्या पट्टीमागेही २३. दोन्ही दारांच्या वरच्या कडेवर २३. कारखान्यात एकाच रांगेत बरीच कपाटं उभी असताना कुणीतरी या कपाटाचे भाग वेगळे ओळखू यावेत म्हणून हा आकडा टाकला. आकड्यातला दोन खाली वळण घेऊन तीनला चिकटलाय, चारही ठिकाणी अगदी तसाच. एकाच हाताचं अक्षर. पॅरिसचं नाही याचं जे थोडं वाईट वाटत होतं ते हा आकडा बघून गेलं.

११ जानेवारी

पॉलिश कसलं आहे ते तपासणं. मी धरूनच चालले होते की जुनं कपाट म्हणजे चपड्याचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिश. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून दाराच्या आतल्या कडेला स्पिरिटचा बोळा टेकवला. चपडा असता तर मिनिटभरात चिकट झाला असता. काहीच झालं नाही. मग सेल्युलोज थिनरचा थेंब लावला आणि थर लगेच मऊ पडला. म्हणजे हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे, फवारून चढवायचं वॉर्निश.

खरं तर कालखंड कळल्यावर ही शंका मला आधीच यायला हवी होती. १९२०च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांनी हा फवारायचा रंग उचलला. ड्यू पाँट कंपनीचा 'ड्यूको' १९२३ चा. आधी मोटार रंगवून वाळायला आठवडे लागत, ते काम तासांवर आलं. फर्निचरवाल्यांनाही तेच हवं होतं. हाताने बोळा फिरवत दिवसचे दिवस पॉलिश चढवण्यापेक्षा फवारा आणि पुढचं कपाट घ्या.

तुमच्याकडे याच काळातलं कपाट असेल तर ही चाचणी आधी करा, न दिसणाऱ्या जागी. मी चाचणी न करता थेट पॉलिश उतरवायला बसले असते तर लिटरभर स्पिरिट आणि एक दिवस वाया गेला असता.

पॉलिश उतरवायचं नाही असं ठरवलं. पिवळं पडलंय, पण बहुतेक ठिकाणी धड आहे.

१२ जानेवारी

साफसफाई, सहा तास. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, फडका घट्ट पिळून, एका वेळी वीतभर जागा, लगेच कोरड्या फडक्याने पुसणं. नंतर मेणाचे जुने थर काढायला व्हाइट स्पिरिट (टर्पेंटाइनसारखं, कालच्या स्पिरिटहून वेगळं). सात फडके काळे झाले. वाटलं होतं की लाकूड काळवंडलंय, पण तो नुसता मळ होता.

१८ जानेवारी

फुगवटे. नखाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. पेन्सिलीने पोकळ भागाची हद्द आखली तर डोळ्यांना दिसणाऱ्या फुगवट्याच्या दुप्पट निघाली.

व्हिनिअर सरसाने चिकटवलेलं आहे. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा मऊ होतो, म्हणून जुना उपाय असा की वर ओला फडका ठेवून गरम इस्त्री फिरवायची, दाबायचं, गार होऊ द्यायचं. मी तेच केलं. फडका उचलला तर दारावर फडक्याच्या विणीचा ठसा उमटलेला, एकेक धागा मोजता यावा इतका स्पष्ट, आणि वर दुधट पांढरा डाग. फुगवटा होता तिथेच.

आठवड्यापूर्वी मीच वहीत लिहिलं होतं की हे नायट्रोसेल्युलोज आहे. ते उष्णतेने मऊ पडतं. इस्त्रीचा उपाय जुना आहे आणि उघड्या लाकडावर तो उत्तम, पण या थरावर नाही. जे शोधून काढलं तेच वापरलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी पुढे हात लावला नाही.

१९ जानेवारी

डाग रात्रीत अर्धा निवळला होता. उरलेल्या ठशावर मऊ सुती बोळ्याने थिनर फिरवलं. बोळा जेमतेम ओला, हात न थांबवता, लांब सरळ फटकारे, दोन फटकाऱ्यांत पाच मिनिटं. थर वरवर विरघळून पुन्हा सपाट बसतो. नऊ वेळा केलं. आता प्रकाश तिरका पडला तरच विणीची सावली दिसते. तीन तास गेले. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास आग नको. हे रसायन चटकन पेट घेतं.

२५ आणि २६ जानेवारी

फुगवटे, दुसरा प्रयत्न, यावेळी सावकाश. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, गडद पट्ट्याच्या कडेवर धारदार पात्याने दोन सेंटिमीटरची चीर दिली. गडद रेषेत चीर लपते. आतली धूळ बारीक ब्रशने काढली.

इथे आणखी एक अडचण निघाली. खालच्या फुगवट्यात कोणीतरी पूर्वी पांढरा गोंद भरला होता. वाळल्यावर तो प्लॅस्टिकसारखा होतो, सरस त्याला धरत नाही, आणि पाण्याने तो सहज जातही नाही. चिरेतून पातं घालून तो पापुद्रा पापुद्रा खरवडायला चार तास लागले. आधीच्या माणसाने चांगल्याच भावनेने केलं असेल, पण त्या सोयीच्या गोंदामुळे नंतरच्या प्रत्येकाचं काम अवघड झालं.

सरसाचे दाणे रात्रभर गार पाण्यात भिजवले, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साठ अंशांपर्यंत गरम केले. सत्तरच्या वर जाऊ देऊ नका, त्याची पकड कमी होते. मधापेक्षा पातळ झाला की जाड सुईच्या सिरिंजमध्ये भरून आत सोडला, बोटाने कडेकडून दाबत जास्तीचा बाहेर काढला, लगेच ओल्या फडक्याने पुसला. वर पॉलिथिन, त्यावर प्लायचा सपाट तुकडा. दाराच्या मधोमध शिकंजा (क्लॅम्प) पोचत नाही, म्हणून दोन पट्ट्या आडव्या टाकल्या, मधे किंचित फुगीर, म्हणजे दोन्ही टोकांना शिकंजे आवळले की दाब बरोबर मध्यभागी येतो. चोवीस तास तसंच ठेवलं.

आवाज आता भरीव येतो. सगळीकडे.

१ फेब्रुवारी

या कामातली सगळ्यात मोठी चूक आज झाली.

उजव्या गोल कडेवर ओरखडे होते. २४० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून घासायला घेतला. लॅकर कागदात भरत होतं, कागद कापेनासा झाला. तो बदलायचा सोडून मी हाताचा जोर वाढवला. एकदा फुंकर मारली तर कडेवर बोटभर रुंद फिकट पट्टा दिसला, नऊ सेंटिमीटर लांब. तो धुळीचा असेल असं वाटून पुसला. धूळ नव्हती. अक्रोड संपला होता आणि खालचं फिकट लाकूड उघडं पडलं होतं.

कारण सरळ आहे. गोल कडेवर सपाट ठोकळा ठेवला की तो एका रेषेवरच टेकतो आणि सगळा जोर त्या रेषेवर जातो. तिथे ०.७ मिलिमीटरची जाडी काही मिनिटांत संपते. गोल कडेला कागद हातात धरूनच फिरवायचा, आणि खरं तर तिथे घासायचंच नाही. ओरखडे मेणानेही झाकले गेले असते.

८ फेब्रुवारी

ठिगळासाठी व्हिनिअर. नवं अक्रोड व्हिनिअर अर्ध्या मिलिमीटरचं मिळालं, कपाटावरच्यापेक्षा पातळ. रंगही वेगळा. बहुतेक लाकडं काळाने गडद होतात, अक्रोड मात्र उजेडात फिकट होत सोनेरी पडतो. नवा तुकडा शेजारी ठेवला की राखाडी-तपकिरी दिसतो. म्हणून तुकडे खिडकीच्या काचेला टेकवून उन्हात ठेवलेत.

वाट बघताना पॅरिसच्या प्रदर्शनाबद्दल वाचत बसले. तिथे फ्रेंच फर्निचर डिझायनर एमिल-जाक रूलमान यांचा 'संग्राहकाचं घर' नावाचा मंडप होता. मकासर एबनी, अँबोइना अशी दुर्मीळ लाकडं, हस्तिदंताच्या बारीक रेघा, आणि किंमत अशी की मोजक्या श्रीमंतांनाच परवडावं. त्याच प्रदर्शनात वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी उलट बाजू मांडली: शोभेचं फर्निचर नको, कपाटं म्हणजे ठरावीक मापाचे कप्पे, गरजेप्रमाणे जोडायचे. माझं कपाट या दोघांच्या मधलं आहे. ते यंत्रावर मापाने बनवलंय, पण बनवणाऱ्यांना दारावरचं लाकूड उठून दिसायला हवंच होतं.

आणि व्हिनिअर म्हणजे फसवणूक असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. रूलमान यांच्या कपाटांवरही व्हिनिअरच होतं. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी लावले की ही आरशासारखी नक्षी येते. अख्ख्या फळीतून ती मिळणारच नाही, आणि मिळाली तरी असं नक्षीदार लाकूड वाकून जाईल.

१५ फेब्रुवारी

ठिगळ, पहिला प्रयत्न: आयताकृती. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होतं. काढून टाकलं. सरस असल्याने कोमट ओल्या फडक्याने पंधरा मिनिटांत सुटलं.

कीडही आजच बघितली. भोकं दीड-दोन मिलिमीटरची, मुख्यतः मागच्या प्लायमध्ये. फर्निचर पोखरणाऱ्या किड्याला सरसाने जोडलेला जुना प्लाय फार आवडतो. भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही, ती बाहेर पडल्याची खूण असते. ५ जानेवारीला कपाटाखाली काळा कागद अंथरला होता. त्यावर एका खणाखालीच ताजा फिकट भुसा पडलेला दिसला. तो खण पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतेय. बाहेर काढल्यावर पॉलिथिन लगेच उघडायचं नाही, लाकूड खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर त्यावर पाणी धरतं. मागच्या प्लायला आतून कीड मारणारं बोरॉनचं द्रावण लावलं.

२२ फेब्रुवारी

ठिगळ, दुसरा प्रयत्न. यावेळी होडीच्या आकाराचं, दोन्ही टोकं निमुळती, आणि कडा सरळ न कापता लाकडाच्या रेषांबरोबर किंचित नागमोडी. आधी ठिगळ कापलं, ते कपाटावर ठेवून पात्याने हद्द आखली आणि तेवढंच जुनं व्हिनिअर काढलं. जाडी भरून काढायला खाली सरसात भिजवलेला पातळ कागद. दाबायला वाळूची पिशवी गरम करून कडेवर दोरीने बांधली, कारण गोल कडेवर शिकंजा बसत नाही. दोन आठवड्यांच्या उन्हाने रंग बराच जवळ आलाय.

बिजागरी: फाटलेली भोकं मोठी करून त्यात कठीण लाकडाच्या खुंट्या सरसाने ठोकल्या, वाळल्यावर नवी भोकं पाडून जुनेच स्क्रू परत लावले. तीन तास.

मुठी बेकलाइटच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लॅस्टिकच्या, आहेत. गरम पाण्यात बुडवल्यावर औषधी कडवट वास आला. ते शोधणाऱ्या लिओ बेकलंड यांचं पेटंट १९०९ चं, १९२७च्या सुमारास ते संपलं आणि मग बरेच उत्पादक त्यात उतरले. तडकलेली मूठ बदलली नाही, चीर चिकटवून घेतली. कुलपाचा एक तास गंज साफ करण्यात गेला.

दारामागच्या आरशाच्या कडा काळ्या पडल्यात. त्याला हात लावला नाही, लावणारही नाही.

आतली दांडी पुसताना लक्षात आलं की तीही कालखंडाची खूण आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लिश कपाटांत सरकते ट्रे असत, कपडे घडी करून आडवे ठेवत. हँगर घरोघरी पोचले तशी कपाटात दांडी आली.

१ आणि २ मार्च

पॉलिश. ठिगळावर आणि झिजलेल्या जागी मेण काढलेला चपडा. तो जुन्या लॅकरवर नीट बसतो, आणि पुढे कोणाला काढावासा वाटला तर स्पिरिटने निघेल, खालचा मूळ थर शाबूत राहील. याच कारणासाठी पुन्हा सेल्युलोज मारलं नाही. रंग जुळवायला अक्रोडाच्या टरफलाचा रंग, अगदी पातळ, चार हात. पाचवा दिला असता तर गडद झालं असतं.

पहिल्या दिवशी हवा दमट होती आणि चपडा धुरकट झाला. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून रविवारी कोरड्या हवेत पुन्हा दिला. शेवटी मेण, एकच पातळ हात.

खण फ्रीझरमधून आला. काळा कागद कपाटाखाली तसाच ठेवलाय.

८ मार्च

हिशेब: तपासणी ५ तास, सफाई ६, फुगवटे ११ (त्यात इस्त्रीची चूक निस्तरायला ३), घासून उडालेली कड १४, कीड ३, बिजागरी आणि कुलूप ४, पॉलिश ९. एकूण ५२ तास, चार ऐवजी दहा शनिवार-रविवार. त्यातले २० तास माझ्या तीन चुकांचे: दारं न उतरवणं, इस्त्री, सपाट ठोकळा. सामानात सगळ्यात जास्त व्हिनिअर वाया गेलं. नऊ सेंटिमीटरच्या ठिगळासाठी व्हिनिअरचे दोन पूर्ण ताव लागले.

दारं आता एका बोटाने बंद होतात. संध्याकाळी तिरका उजेड आला की उजव्या कडेवरची होडी दिसते, आणि डाव्या दारावर विणीची पुसट सावली.

बैठकीची पट्टी बसवण्याआधी तिच्या मागच्या बाजूला, त्या २३ शेजारी, पेन्सिलीने लिहून ठेवलं: 'मूळ थर नायट्रोसेल्युलोज. इस्त्री लावू नका. उजव्या कडेचं ठिगळ सरसाने बसवलंय, वर चपडा आहे, स्पिरिटने निघेल. डाव्या दाराच्या खालच्या भागात थोडा पांढरा गोंद अजून शिल्लक आहे.'